बिनविस्तवाचं ताट

माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला मी कोणाला जागाच ठेवलेली नाही. फुशारकी मारत नाही मी. म्हणजे थोडी मारते, पण खरं आहे ते. राम घाटावरून वर आलं की तिसऱ्या गल्लीत आमचं घर, आणि गेली तीस वर्षं त्या घराच्या पुढच्या खोलीत मराठी लोकांच्या श्राद्धाच्या पंगती बसतात. महाराष्ट्रातून माणसं येतात, क्षिप्रेत आंघोळ करतात, गुरुजी त्यांचं श्राद्ध सांगतात आणि ताट माझ्याकडचं असतं. अळूची पातळ भाजी, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, कढी, तांदळाची खीर. कांदा-लसूण नाही आणि चाखणंही नाही. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ हाताने घालायचं आणि हातावर विश्वास ठेवायचा. तीस वर्षांत माझी कढी एकदाही खारट झालेली नाही.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण ज्या वर्षाबद्दल मी सांगणार आहे त्या वर्षी माझं स्वयंपाकघर बंद पडायची वेळ आली होती, आणि त्यात माझ्या हाताचा काही दोष नव्हता. शिधा भरलेला होता, हात धड होते. जाळायला काही नव्हतं.

आमच्या उज्जैनला गॅसच्या सिलिंडरला कोणी सिलिंडर म्हणत नाही, टंकी म्हणतात. पुण्याचे नातेवाईक आले की हसतात. हसू देत. तर त्या वर्षी श्रावणात टंकी यायची बंद झाली. आधी चार दिवस उशीर, मग आठ, मग फोनच उचलेनात. मी स्वतः फ्रीगंजला एजन्सीत जाऊन उभी राहिले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आंटीजी, पीछे से माल ही नहीं आ रहा. जहाज़ रुके पड़े हैं."

"भैया, मेरे घर में पितर आने वाले हैं, उनको बोलूँ क्या, कि जहाज़ रुके पड़े हैं?" मी म्हटलं.

रांगेतली माणसं हसली, तोही हसला, पण टंकी काही मिळाली नाही.

घरी येऊन मी जी तणतण केली ती आमच्या ह्यांनी शांतपणे ऐकून घेतली. हे वीजखात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून एकच विषय घेऊन बसले होते. जमिनीखालचं तेल. रोज चहाबरोबर पेपर आणि पेपराबरोबर तेल. "अगं, जे होतं ते आपण आणि आपल्या वडलांनी मिळून जाळलं. आता विहिरी खोल खोल चालल्यात आणि येतंय कमी. तुझं रॉकेल आठव. रेशनला रांग लावून डबे भरून आणायचीस. गेलं न? कोणी दवंडी पिटली होती का? तसाच गॅस जाईल एक दिवस."

"जाईल तेव्हा जाईल. पितृपक्षानंतर जाऊ दे न."

खरी भीती तीच होती. पितृपक्षाचे पंधरा दिवस म्हणजे माझं अख्खं वर्ष. गुरुजी ज्या घरी ताटं सांगतात तिथेच यजमान जातात, आणि गुरुजींची बोलणी एकदा दुसरीकडे वळली की वळली. नानाखेड्याकडे दोन कॅटररवाले टपून बसले होते, मोठी जागा, मोठ्या गाड्या. एक पंगत जरी माझ्याकडून चुकली असती तरी पुढच्या वर्षी माझ्या दारात कोणी चपला काढल्या नसत्या. सासूबाईंनी हे काम एकटीने उभं केलं होतं, माझ्या हातात दिलं होतं, आणि ते माझ्या हातून जाणार म्हटल्यावर मला अन्न गोड लागेना.

तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं. गच्चीवर सोलरच्या फळ्या बसवायच्या, आणि स्वयंपाकघरात मोठी इंडक्शनची शेगडी घ्यायची. सगळं चौकशी करून तयार होतं. म्हणजे हा माणूस सहा महिने माझ्या पाठीमागे हा उद्योग करून राहिला होता आणि टंकी संपायची वाट बघत होता.

"गच्चीवर माझे पापड-कुरडया वाळतात," मी म्हटलं.

"अर्धी गच्ची तुझ्या पापडांना ठेवतो."

"उन्हात पापड वाळतात. वडे तळले जात नाहीत."

"ऊन तेच आहे," हे म्हणाले. "श्राद्धाचा स्वयंपाक तू करतेस कधी? सकाळी आठ ते बारा. ऊन असतं कधी? ढग आले तर खात्याची लाईट आहेच. आणखी काय हवं?"

मी भांडी आपटली. आमच्या घरात भांडी आपटली म्हणजे होकार, हे ह्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

फळ्या बसल्या. शेगडी आली. काळी कुळकुळीत काच, दोन गोल, खाली स्टीलचं खोकं आणि मागच्या बाजूला हवेसाठी जाळी. मी तिच्याभोवती दोन दिवस नुसती फिरले. मग चांगला गुरुवार बघून ठरवलं की आज सुरू करायची. आता नवीन शेगडी म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? हळदकुंकू वाहतात आणि पहिल्यांदा दूध तापवून उतू घालतात. सासूबाईंनी रॉकेलच्या स्टोव्हवर घातलं होतं, मी गॅस आला तेव्हा गॅसवर घातलं होतं. घर भरलेलं राहतं म्हणतात. ह्यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. हे भाजी आणायला गेले होते. मी काचेवर हळदकुंकू वाहिलं, स्टीलच्या पातेल्यात काठोकाठ दूध भरलं आणि बटण दाबलं.

बाप रे, काय ते दूध चढलं! गॅसवर दूध वर यायला वेळ लागतो, आपण हात जोडून उभे असतो, ते हळूहळू येतं. हे भसकन आलं. काचेवर पसरलं, मागे वाहिलं आणि जाळीतून थेट पोटात गेलं. शेगडी टीं टीं टीं करायला लागली. आत काहीतरी फटकन वाजलं, जळक्या दुधाचा वास सुटला आणि सगळं काळं पडलं. माझे हात जोडलेलेच होते.

हे आले, दारातच थांबले, आणि वास घेऊन म्हणाले, "काय केलंस?"

"उतू घातलं."

"कशात?"

"काय विचारता, कशात! शेगडीत."

हा माणूस हसला असता तर मी एक महिना बोलले नसते. हसला नाही. पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढून बसला आणि त्या शेगडीकडे बघत राहिला. पितृपक्षाला नऊ दिवस राहिले होते. मला रडू आलं. मी म्हटलं, मीच माझ्या हाताने घालवलं सगळं. तेव्हा हे उठले आणि म्हणाले, "शेगडी आहे, माणूस नाही. उघडता येते."

नानाखेड्याहून दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्याने खालचे स्क्रू काढले, आत डोकावला, बोटाने साय उचलली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आंटीजी, इसको दूध किसने पिलाया?"

"मैंने. हमारे यहाँ पिलाते हैं."

तो इतका हसला की चष्मा नाकावर घसरला. पण भला माणूस. आतला पंखा बदलला, कसलीशी पट्टी पुसून वाळवून परत बसवली, आणि जाताना म्हणाला की दरवर्षी दोन-तीन ठिकाणी हेच करायला जातो, सगळी मराठी घरं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मूर्खपणा केला खरा, पण एकटीने नव्हता केला.

मग मी त्या शेगडीला आठ दिवसांत सरळ केलं. माझी कल्हईची पितळी पातेली तिने ओळखलीच नाहीत, नुसती टीं टीं. स्टीलची जाड बुडाची आणली. तेल कुठल्या आकड्यावर वड्याला हवं तसं तापतं, खीर कुठल्या आकड्यावर खाली लागत नाही, सगळं पाठ केलं. वडा तळताना पूर्वी मी ज्योत बघायचे, आता तेलाचा आवाज ऐकायला लागले. चौथ्या दिवशी वडे असे झाले की ह्यांनी सात खाल्ले आणि वर विचारलं, "उन्हाची चव लागते का गं?" मी झारा उगारला.

पितृपक्ष सुरू झाला. आता इथे माझी एक चूक कबूल करते. मी गुरुजींना काही सांगितलं नाही.

गुरुजी सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, आवाज खणखणीत. माझ्या सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे येतात, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांचं काम पुढच्या खोलीत, माझं मागे. फक्त एक त्यांची पद्धत होती. श्राद्ध सुरू व्हायच्या आधी ते आवाज द्यायचे, "वहिनी, विस्तव!" आणि ज्या विस्तवावर अन्न शिजलं त्यातलाच निखारा धुपासाठी हवा असायचा. टंकीच्या काळात मी कोळशाचा तुकडा चिमट्यात धरून गॅसवर लाल करून द्यायचे. त्या वर्षी एक जुनी अर्धी टंकी मी कोपऱ्यात जपून ठेवली होती. पहिले आठ दिवस स्वयंपाक सगळा काचेवर केला आणि निखारा तेवढा गॅसवर फुलवून दिला. कोणाला कळलं नाही. ताटं रिकामी होऊन येत होती. मी मनात म्हटलं, निभावलं.

नवमीच्या दिवशी ती टंकी संपली.

पितृपक्षातली नवमी म्हणजे अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध. त्या दिवशीचे यजमान खानदेशातून एकटेच आले होते. साठीच्या पुढचे, खादीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आईचं श्राद्ध करायचं होतं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. फार बोलत नव्हते. मी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी भांडं घेतलं.

साडेअकराला स्वयंपाक तयार झाला. गुरुजींनी पाटावरून आवाज दिला, "वहिनी, विस्तव!" मी कोळसा चिमट्यात धरला, गॅस पेटवला. निळी ज्योत एकदा वर आली, थरथरली आणि गेली. पुन्हा काडी ओढली. काही नाही.

मी कापूर पेटवून त्यावर कोळसा धरला असता, तेवढी अक्कल मला होती. काडेपेटी हातातच होती. पण आठ दिवस मी लपवत आले होते आणि मला त्याचा कंटाळा आला होता. मी काही चोरी करत नव्हते. मी पुढच्या खोलीत गेले आणि सांगितलं, "गुरुजी, विस्तव नाही. स्वयंपाक लाईटच्या शेगडीवर झालाय. गच्चीवर सोलर आहे, त्याच्यावर. आठ दिवस तसाच होतोय."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. यजमान दर्भाची अंगठी बोटात घालून बसले होते.

"आठ दिवस?" गुरुजी म्हणाले.

"हो."

"वहिनी, ह्या अन्नाला अग्नीचा स्पर्श नाही. हे पितरांना पोचत नाही. तुम्ही आठ यजमानांचे पितर उपाशी पाठवलेत."

हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीस वर्षं मी त्या पंगतीत वाढतेय. कुठल्या वेळी काय होतं मला बंद डोळ्यांनी माहीत आहे. मी म्हटलं, "गुरुजी, श्राद्धात भाताच्या दोन आहुती अग्नीत द्यायच्या असतात न? त्या तुम्ही कुठे देता? तुमच्या हातावर. यजमानांनी विचारलं की तुम्हीच सांगता, घरात अग्नी राखलेला नसला तर ब्राह्मणाचा हात चालतो. तीस वर्षं मी ऐकतेय. तुमच्या पोथीत पर्याय चालतो, मग माझ्या स्वयंपाकघरात का चालू नये?"

दारामागे उभ्या असलेल्या ह्यांनी घसा खाकरला. मी डोळे वटारले तशी तिकडे शांतता झाली.

गुरुजी काही कच्चे नाहीत. "हाताला शास्त्राचा आधार आहे. माणसाच्या देहात अग्नी आहे, तो अन्न पचवतो. तुमच्या काचेला कशाचा आधार?"

"सूर्याचा. तुम्ही सकाळी घाटावर ज्याला अर्घ्य देता, त्याचा."

"तो वर आहे, वहिनी. चुलीत नाही. आमच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक आजही चुलीवर होतो. लाकडं आणि शेण्या. सत्तरीची बाई करते, एक दिवस कुरकुर नाही. तुम्हाला काय धाड भरली होती? टंकी नव्हती तर अंगणात तीन विटा मांडायच्या होत्या."

आणि खरं सांगते, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. विटा मांडता आल्या असत्या. लाकडं मिळाली असती. माझ्या मनातही आलं नाही. कारण शेगडी चांगली होती आणि मला ती आवडायला लागली होती, एवढंच. पण हे कारण पितरांना कसं सांगणार? गुरुजी पाटावरून उठले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि यजमानांना म्हणाले, "चला, वेळ आहे अजून. दुसरीकडे ताटाची व्यवस्था होते का बघू." मला कळलं की हे एका ताटाचं नाही. उद्यापासूनची सगळी ताटं ह्या दारातून चालली.

यजमान उठले नाहीत.

"गुरुजी, मी बोलू का?" ते म्हणाले. इतका वेळ त्यांचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. हळू, खालच्या पट्टीतला. "आई माझी चुलीपुढेच गेली. जळून नाही, खोकून. आम्ही घरात अकरा माणसं. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळायची, पावसाळ्यात त्याही ओल्या. फुंकर मारायची, डोळे पुसायची, पुन्हा फुंकर. मी लहान असताना मला वाटायचं, माझ्या आईचे डोळे जन्मापासूनच लाल आहेत. शेवटी तालुक्याला नेलं तर डॉक्टरांनी विचारलं, बाई विडी ओढते का? तिने जन्मात कधी विडीला हात लावला नव्हता. मी त्यांना सांगायला गेलो, की नाही ओढत, तर आईच म्हणाली, राहू दे, त्यांना काय माहीत."

त्यांनी अंगठी बोटातल्या बोटात फिरवली.

"तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. दरवर्षी मी चुलीवरच्या अन्नाचं ताट देतो. दरवर्षी मला वाटतं, हिला आता तरी धुराशिवायचं जेवायला मिळावं. आज आयतं मिळतंय. गुरुजी, पोचायचं असेल तर हेच पोचेल तिला. मी ह्याच ताटावर संकल्प सोडणार."

मी रडणारी बाई नाही, पण पदराने डोळे पुसले आणि पुसले ते लपवलेही नाहीत. अकरा माणसांच्या घरात मीही आले होते. सासूबाईंचा तो खोकला मी ऐकला होता, आणि तो कशाचा हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

गुरुजी उपरणं खांद्यावर घेऊन तसेच उभे होते. मग ते पाटावर परत बसले. तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले, एकदा नाही, दोनदा. कापूर मागितला आणि धूप कापरावर लावला. आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, भात आणा."

मी भात आणला. यजमानांनी दोन आहुती उचलल्या आणि गुरुजींनी उजवा तळहात पुढे केला. भात चांगलाच गरम होता. त्यांनी हात मागे घेतला नाही.

पंगत झाली. श्राद्धाच्या पंगतीत बोलायचं नसतं, अन्नाला चांगलं-वाईट म्हणायचं नसतं. त्यामुळे कोणाला काय वाटलं ते मला कळलं नाही. वडे तीनदा वाढले एवढं सांगते. कावळ्याचं विचाराल, तर तो घास ठेवल्याबरोबर आला. पण आमच्या गल्लीतले कावळे शेवसुद्धा खातात, त्यांच्यावर मी काही ठरवत नाही. यजमान निघताना माझ्या पाया पडायला लागले. मी म्हटलं, अहो, वयाने मोठे तुम्ही, काय करताय हे! तर म्हणाले, "तुमच्या नाही, तुमच्या शेगडीच्या पडत होतो." हे त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत गेले.

मी मागे भांडी घासायला बसले होते. दारात सावली पडली. बघते तर गुरुजी. म्हणाले, छत्री राहिली. छत्री त्यांच्या काखेतच होती.

"मिळाली की," मी म्हटलं.

"हं." ते गेले नाहीत. उंबऱ्यापाशी उभे राहून आत बघत होते. मग तीस वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले आणि शेगडीवर, काचेपासून वीतभर वर, हात धरला. काच गार झाली होती. "ह्याला धूर बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

"भिंतसुद्धा काळी होत नाही?"

"बघा न तुम्हीच."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "आमच्या हिला श्रावणापासून झोप नाही. आडवी झाली की खोकला येतो, म्हणून भिंतीला टेकून बसून असते. मी समजत होतो, वय झालं." आवाजातला खणखणीतपणा कुठे गेला होता कोण जाणे. "आमच्याकडे बसेल का हे?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की गुरुजी, दोन तासांपूर्वी तुम्ही त्याच चुलीची मिरवणूक काढत होतात, एक दिवस कुरकुर नाही म्हणालात. कुरकुर करायला श्वास लागतो. आलं होतं ओठावर, पण गिळलं. गिळणं मला येत नाही, त्या दिवशी आलं. कारण त्या म्हाताऱ्या माणसाचा उजवा तळहात अजून लाल होता.

"बसेल," मी म्हटलं. "हे येऊन बघून जातील. पण गुरुजी, बसवायची की नाही ते तुम्ही नका ठरवू. काकूंना पाठवा माझ्याकडे. शिजवायचं त्यांना आहे."

त्यांनी मान हलवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच काकू आल्या. नऊवारी, हातात काठी, आमच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या. मी त्यांना लग्नाकार्यात लांबून पाहिलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात त्या कधी आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, आधी दाखव. त्या दिवशीच्या पंगतीचा भात लावायचाच होता. मी पातेलं काचेवर ठेवलं आणि म्हटलं, काकू, तुम्हीच दाबा बटण. त्यांनी बोटाने दाबलं. आणि दाबल्याबरोबर, सवयीने, कमरेत वाकल्या, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि गाल फुगवले.

मी बाजूला सरले.

डोळे उघडून त्यांनी पातेल्याखाली बघितलं. फुंकायला तिथे काही नव्हतं. मग ओट्याला हात टेकून त्या हळूहळू सरळ झाल्या, आणि तोंडात धरलेला तो श्वास त्यांनी नुसताच सोडला. खोकला आला नाही.

"बाई गं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. भाताला उकळी येईपर्यंत त्या तशाच शेगडीपुढे उभ्या होत्या.